वर बघणारे धुरी भाऊजी

बोलता बोलता मी मध्येच थांबते. वाक्य अर्धं तोंडात, हात हवेत, आणि मी आपली गप्प. परवा सुनेला वाटलं, सासूबाईंना आता विसरायला व्हायला लागलं. मुलगा हसला, म्हणाला, "काही नाही गं, ती विमान जायची वाट बघतेय." खरंच होतं ते. नाहूरला राहायला येऊन आम्हाला इतकी वर्षं झाली, इथं विमान दिसतं ते उंचावर, खेळण्याएवढं. पण जिभेला लागलेली घाटकोपरची सवय काही सुटत नाही.

घाटकोपरला आमची इमारत हाउसिंग बोर्डाची, तीन मजल्यांची, लांब कॉमन गॅलरीची. सांताक्रूझला उतरणारी विमानं आमच्या गच्चीवरून जायची, इतकी खालून की पोटावरची अक्षरं वाचता यावीत. विमान आलं की सगळ्यांनी थांबायचं, असा नियमच होऊन गेला होता. नळावर दोघी जणी भांडत असल्या तरी कमरेवर हात ठेवून थांबायच्या, आणि ते गेलं की जिथं सोडलं तिथून पुढं सुरू. सत्यनारायणाचे भटजीसुद्धा थांबायचे. पाहुणे वैतागायचे, आम्हाला काही वाटत नसे.

पण त्या आवाजाची वाट बघणारा आख्ख्या इमारतीत एकच माणूस होता. आमच्या शेजारचे धुरी भाऊजी. आज त्यांच्याबद्दल लिहायला बसलेय. तसं त्यांच्याबद्दल लिहावं असं काही फार मोठं नाही. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत आवक-जावक सांभाळणारा कारकून. वडील गिरणीत होते, गाव मालवणच्या जवळ. बायको शालू, माझी मैत्रीण. मूलबाळ नाही. एवढीच हकीकत. बाकी सगळा माणूस वरच्या वर होता.

त्यांच्या मानेला मागे दोन खोल वळ्या पडल्या होत्या, वर बघून बघून. शालू कपडे धुवायला बसली की शर्टांच्या कॉलरी घासता घासता रडकुंडीला यायची. "लोकांच्या कॉलरी घामानं मळतात गं," म्हणायची, "ह्यांच्या आभाळानं मळतात." रस्त्यानं चालताना भाऊजींचं डोकं वरच. त्यामुळं ते गटारात पाय घालायचे, शेणात पाय घालायचे, एकदा तर पोस्टाच्या लाल पेटीला धडकून "सॉरी हां" म्हणाले. नडगीला कायम कुठंतरी चिकटपट्टी. शालू ओरडायची, "अहो, जरा जमिनीवर बघा की." ते म्हणायचे, "जमिनीवर काय आहे बघण्यासारखं?"

प्रवासी विमानांकडे मात्र ते ढुंकून बघायचे नाहीत. मला आधी कळायचं नाही. म्हटलं, एवढी मोठी मोठी जातात डोक्यावरून, तुम्ही मान वर करत नाही, ते कसं? तर म्हणाले, "वहिनी, ती एस.टी. आहे. माणसं भरायची, उतरवायची. कणकवली स्टँडवर उभं राहून कोणी एस.टी. बघत बसतं का?" त्यांचा जीव हवाई दलाच्या विमानांवर. तसलं विमान आमच्या बाजूला महिन्या-दोन महिन्यांत एखादं यायचं. पण आलं की भाऊजी अर्धी दाढी सोडून, तोंडाला फेस तसाच, गॅलरीत. एरवी आमच्याशी शहरी मराठी बोलणारा माणूस, त्या वेळी थेट मालवणात पोचायचा. "गो शालू, भायर ये. इला, इला." मग कुठलं, काय, पंख कसा, शेपूट कशी, हे गॅलरीत जो सापडेल त्याला ऐकावं लागे. मी पुष्कळदा सापडायचे. तांदूळ निवडत निवडत मी हूं हूं करायचे. कळत काही नव्हतं. पण एखादा माणूस इतक्या आनंदात असला की आपण उठून जाऊ नये, एवढं कळत होतं.

हे वेड कुठून आलं ते त्यांनीच एकदा सांगितलं. अंघोळ करून गॅलरीतून घरी जाताना त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे फरशीवर उमटायचे. आपल्या पावलाचा ठसा कसा, मध्ये कमरेत बारीक असतो. ह्यांचा आख्खा, पावाच्या लादीसारखा. मी हसले. तर म्हणाले, "हसा वहिनी. ह्याच पायांनी घात केला." अठरा-एकोणीस वर्षांचे असताना हवाई दलाच्या भरतीला गेले होते. लेखी पास झाले, छाती मापात बसली, डोळे उत्तम. शेवटी डॉक्टरनं अनवाणी उभं केलं, खाली बघितलं आणि सांगितलं, सपाट पाय, चालणार नाही. मी म्हटलं, "अहो पण विमान काय पायानं चालवतात?" भाऊजी म्हणाले, "चालवतात. थोडं पायानंही चालवतात." मग आम्ही दोघंही हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

त्यांचं एक स्वप्न होतं. दिल्लीला जुन्या लढाऊ विमानांचं संग्रहालय आहे, तिथं जायचं. लढाईवर जाऊन आलेली विमानं तिथं ओळीनं उभी आहेत, जवळ जाऊन बघता येतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. निवृत्त झालो की शालूला घेऊन जाणार, असं ते दर गणपतीला, आरती झाल्यावर सगळ्यांसमोर सांगायचे. शालू म्हणायची, "लग्नाला इतकी वर्षं झाली, मला महाबळेश्वर दाखवलं नाही ह्या माणसानं. आणि निवृत्त विमानं दाखवायला निवृत्त झाल्यावर नेणार." सगळे हसायचे. भाऊजी सगळ्यांत जास्त.

समुद्रावर हवाई दलाच्या कसरती व्हायच्या होत्या, तेव्हा तर त्यांनी अख्खी इमारत बाहेर काढली. मी, आमचे हे, मुलं, तळमजल्यावरचं साळवी कुटुंब, वरचे कांबळे मास्तर. कांबळे मास्तर महापालिकेच्या शाळेत शिकवायचे, मूळचे साताऱ्याकडचे, कमी बोलणारे आणि सरळ. भाऊजींनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की जत्रेला निघाल्यासारखं निघायचं. चटई, छत्री, पाणी, तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी. वाळूवर ही गर्दी. सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, आणि भाऊजी एकटे समुद्राकडे पाठ करून, माडांकडे तोंड करून उभे. साळवी म्हणाला, "ओ धुरी, विमानं तिकडनं येणार, समुद्रावरनं. हिकडं काय हाटेल बघताय का?" लोक हसले. भाऊजी हलले नाहीत. आणि आली ती पाठीमागून, माडांच्या शेंड्यांवरून, एकदम. आधी विमानं आली आणि मग आवाज आला. छातीत कुणी तांब्याचा हंडा आपटावा तसा. माझ्या हातातली भाकरी वाळूत पडली. सगळी गर्दी वळेपर्यंत ती समुद्रावर पार बारीक झाली होती. नीट बघितलं ते फक्त भाऊजींनी. वळून बघते तर त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि तोंड हसत होतं.

त्या दिवशी परतताना त्यांनी मला त्यांचा सिद्धांत सांगितला. गर्दी जिथं बघते तिथं कसरत असते. आपण बघायचं ते विमान वळताना. कसरत संपवून, गर्दीपासून लांब जाऊन, ते एक मोठं वळण घेतं, तेव्हा ते कुणासाठी काही करत नसतं. "तेव्हा ते आपलं आपलं असतं, वहिनी. तेव्हा बघायला पाहिजे." हे काही मला तेव्हा कळलं नाही. आणि ह्याच सिद्धांतापायी पुढचं सगळं झालं.

पुन्हा कसरती व्हायच्या होत्या, दोन-तीन वर्षांनी. आधी काही दिवस विमानं सराव करायची. भाऊजींनी रजा टाकली आणि गच्चीत बसून बघून ठेवलं की समुद्रावरून आलेली विमानं वळतात कुठं. वळत होती ती खाडीवर. मग एकटेच जाऊन त्यांनी जागा शोधून काढली. मानखुर्दच्या पुढं, ट्रॉम्बेकडे जाणारा रस्ता सोडून आत, मिठागराच्या बांधावर. इमारतीतलं कुणी ह्या वेळी तयार होईना, कारण समुद्र नाही, भेळ नाही, गर्दी नाही. शेवटी आम्ही चौघंच निघालो. भाऊजी, शालू, आमचे हे आणि मी. भाऊजींच्या गळ्यात चोरबाजारातली दुर्बीण, आणि शालूच्या भावाचा कॅमेरा, तो दुबईला होता त्याचा, चांगलं मोठं भिंग असलेला.

बांधावर पोचलो. एका बाजूला तिवरं, दुसऱ्या बाजूला मिठाचे पांढरे वाफे, आणि समोर ट्रॉम्बेची टेकडी. टेकडीच्या अंगाला अणुकेंद्राचा तो घुमट. तो मला दिसला, ह्यांना दिसला, शालूला दिसला. कुणालाही दिसला असता. भाऊजींना दिसत नव्हता असं नाही, पण त्यांच्या लेखी ती फक्त खूण होती. ते म्हणाले, "ह्या घुमटाच्या डाव्या अंगाला विमान दिसलं की कॅमेरा उचलायचा. मागच्या आठवड्यात येऊन मी दोन-तीन फोटो काढून बघितलेत, अंदाजासाठी." आमचे हे म्हणाले, "अरे धुरी, इथं फोटो काढायला बंदी असेल." भाऊजी म्हणाले, "मी कुठं त्याचे काढतोय? मी आभाळाचे काढतोय."

असं बोलणं फक्त तेच करू शकत होते. ते खोटं नव्हतं. त्यांना खरोखरच असं वाटत होतं की डोळे वर असले की खालचं आपल्याला काही लागू होत नाही.

आम्ही चटई पसरली आणि चहा ओतत होतो, तोवर जीप आली. दोन शिपाई आणि एक साध्या कपड्यातले साहेब. दुर्बीण उन्हात लांबून चमकली असणार. साहेबांनी शांतपणे विचारलं, "काय चाललंय?" भाऊजी उठून उभे राहिले, आणि मला अजून आठवतं, त्यांना आनंद झाला. कुणीतरी विचारतंय म्हणून. त्यांनी सांगायला सुरुवात केली. विमानं कुठली येणार, किती येणार, किती उंचीवरून, समुद्रावरून इथं यायला त्यांना किती वेळ लागतो, वळताना वेग किती कमी करतात. मी हात दाबत होते शालूचा. जितकं जास्त सांगत होते तितके ते अडकत चालले होते, आणि त्यांना ते कळत नव्हतं.

साहेब म्हणाले, "हे सगळं तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही साहेब. आवाजावरून कळतं. सरावाला बघितलं गच्चीतून."

"रोज बघतोस?"

"रोज."

साहेबांनी शिपायाकडे बघितलं. शिपायानं कॅमेरा काढून घेतला, दुर्बीण काढून घेतली. पट्टा कानात अडकला तर भाऊजींनीच मान वाकवून सोडवून दिला.

आणि नेमकी त्याच वेळी ती आली. नऊच्या नऊ, निळी-पांढरी, एकमेकांना खेटून, पंखाला पंख लागेल इतकी. खाडीवर येऊन एका अंगावर कलली आणि वळायला लागली, सावकाश, आमच्या बरोबर डोक्यावर. मी आयुष्यात तसलं काही बघितलं नाही. शिपाई वर बघायला लागले, आमचे हे बघायला लागले, साहेबांची मानसुद्धा वर झाली. भाऊजींचा हात सवयीनं वर गेला, बोट दाखवायला. साहेबांनी तो हात धरला आणि खाली केला.

"खाली बघ," म्हणाले.

ओरडून नाही. नेहमीच्या आवाजात. आणि भाऊजींनी खाली बघितलं. विमानं पूर्ण वळून, पार टेकडीमागं जाईपर्यंत भाऊजी चटईवर सांडलेल्या चहाकडे बघत उभे होते.

त्यांना चौकीवर नेलं. आम्हा तिघांना घरी जायला सांगितलं, पण शालू जाईना. आमचे हे तिच्याबरोबर थांबले, मी येऊन कांबळे मास्तरांना गाठलं. मास्तर तसेच शाळेतल्या कपड्यांवर निघाले. त्यांनी काय सांगितलं, कसं सांगितलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही, पण दिवेलागणीला भाऊजींना घेऊन आले. कुणी मारलं नव्हतं, शिवी दिली नव्हती. रोल धुऊन बघितला, तर त्यात विमान एकही नव्हतं. नुसता घुमट होता. कॅमेरा तिथंच राहिला.

इथंवर झालं असतं तर भाऊजींनी त्याची गोष्ट करून गणपतीत सांगितली असती. पण आठवड्याभरानं दोन माणसं इमारतीत चौकशीला आली. तशी पद्धतच असते म्हणे. प्रत्येक घरात गेली. धुरींकडे कोण येतं, परदेशातून काही येतं का, रेडिओवर काय ऐकतात, पैसे उडवतात का. आमच्याकडे आली तेव्हा मी सांगितलं, माणूस वेडा आहे हो, वाईट नाही. त्यांनी तेवढं लिहून घेतलं की नाही कोण जाणे. पण साळवी, ज्यानं वाळूवर बसून धुरींच्या भाकऱ्या खाल्ल्या, तो म्हणाला, "आम्हाला आधीपासून वाटायचंच काहीतरी." हे आम्ही सगळ्यांनी गॅलरीतून ऐकलं. भाऊजींनीही. त्या वेळी विमान येऊन आवाज झाला असता तर बरं झालं असतं. आलं नाही.

कचेरीतही कागद गेला. चौकशीत काहीच निघालं नाही, तसं लेखी मिळालंसुद्धा. पण आवक-जावक म्हणजे सगळ्यांचे कागद हातातून जाणार, म्हणून कचेरीतल्या साहेबांनी त्यांना तिथून काढून रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. तळघरात. दिवसा ट्यूबलाईट लावून बसायचं, खिडकी नाही. बरोबरचे लोक चेष्टा करायचे, धुरी जेवायला वर आला की कुणीतरी म्हणायचं, फायली झाका रे. चेष्टाच ती. त्यांच्या मनात काही नसेल. पण भाऊजी मग डबा खालीच खायला लागले.

आणि त्यांनी वर बघणं सोडलं.

हे मला सुरुवातीला लक्षात आलं नाही. शालूनं दाखवलं. एक दिवस ती कॉलरी धूत होती, एकदम थांबली आणि म्हणाली, "सुमन, बघ गं. कॉलर मळलीच नाही." मी म्हटलं, बरं झालं की. ती म्हणाली, "मी इतकी वर्षं ओरडले ना, जमिनीवर बघा म्हणून. ऐकलं देवानं." आणि पाटावर तशीच बसून राहिली, नळ चालू.

मानेच्या वळ्या हळूहळू पुसल्या गेल्या. गॅलरीत त्यांनी चटईचा पडदा लावला. रस्त्यानं जाताना नजर पायाजवळ, त्यामुळं त्यांना सारख्या वस्तू सापडायला लागल्या. सेफ्टी पिना, किल्ल्या, कुणाचं पेनाचं टोपण, सायकलचा नट. माझ्या कानातला एक मोती जिन्यात पडला होता, तोही त्यांनीच आणून दिला, कागदात गुंडाळून. आमच्या इमारतीत काही हरवलं की लोक म्हणायचे, आधी धुरींना विचारा. पोरंटोरंसुद्धा विचारायची. साळवीच्या घराची किल्ली हरवली, तीही त्यांनीच दिली. साळवी म्हणाला, "थँक्यू हां, धुरी." भाऊजी म्हणाले, "सांभाळून ठेवा."

एकदा सव्वीस जानेवारीच्या सुमारास वरून तीन लढाऊ विमानं गेली. गॅलरी भरली. मी धावत त्यांच्या दारात गेले, म्हटलं, भाऊजी, इला. ते आत लसूण सोलत बसले होते. हात थांबले. ओठ हलले, म्हणजे नाव आलं होतं ओठांवर, कुठलं ते. पण आवाज नाही आला. विमानं गेली आणि त्यांनी पुढची पाकळी घेतली.

शालूनं मनात घेतलं की ह्यांना दिल्लीला न्यायचं. निवृत्तीची वाट बघायची नाही. त्या वर्षी दिवाळीनंतर इमारतीतल्या आम्ही काही जणांनी दिल्ली, मथुरा, हरिद्वार अशी यात्रा ठरवली होती. शालू कांबळे मास्तरांकडे गेली आणि म्हणाली, भावा, ह्यात ते विमानांचं संग्रहालय घुसव. मास्तरांनी घुसवलं. भाऊजींना सांगितलं नाही. दिल्लीत भाड्यानं घेतलेली बस, पंजाबी ड्रायव्हर. दुपारी बस तिथल्या फाटकाशी थांबली. फाटकाच्या आतच एक जुनं विमान उभं होतं. भाऊजींनी ते बघितलं. खिडकीतून बघितलं, पण बघितलं. शालूनं माझा हात घट्ट धरला.

उतरलो, रांग लावली. फाटकावर एक वर्दीतला जवान. पिशव्या उघडून बघत होता, कॅमेरा असेल तर इथंच ठेवा म्हणत होता, आणि एका वहीत प्रत्येकाला नाव-गाव लिहायला लावत होता. तरुण पोरगा होता, हसतमुख. भाऊजींचा नंबर आला. त्यानं पेन पुढं केलं आणि सहज विचारलं, "कहाँ से आये, अंकल? क्या काम करते हैं?"

भाऊजींनी पेन घेतलं. वहीवर टेकवलं. मग परत ठेवून दिलं.

"तुम्ही जाऊन या," म्हणाले आम्हाला. "मी पिशव्या सांभाळतो."

मास्तर त्यांच्या जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "धुरी, अरे हे सगळ्यांसाठी आहे. मी लिहितो तुझं नाव." भाऊजींनी मान हलवली. "नको रे. माझं नाव आता आणखी कुठं नको." बाहेर लिंबाखाली एक बाक होता. तिथं ते आमच्या पिशव्या घेऊन बसले, फाटकाकडे पाठ करून. शालू त्यांच्या शेजारी बसली. तिनंच मला हातानं खूण केली, जा म्हणून.

मी आत गेले. मला काय कळणार? विमानं विमानांसारखी होती. वाटलं होतं त्याहून लहान, कडेला गंज, एकाच्या पोटात चिमण्यांनी घरटं केलेलं. मुलं फळ्यांवरची माहिती वाचत होती. मला एकेका विमानापुढं उभं राहून एवढंच वाटत होतं की इथं भाऊजी असते तर आम्हाला संध्याकाळपर्यंत हलू दिलं नसतं. मी लवकरच बाहेर आले.

बाकाजवळ गेले तर ते जमिनीकडे बघत होते. मग हळूच विचारलं, "वहिनी, आत नॅट आहे का? सगळ्यांत लहान. बुटकं."

मी म्हटलं, आहे. फळीवर नाव वाचलं होतं.

"ते स्वतःच्या चाकांवर उभं आहे की खाली ठोकळे लावलेत?"

मी बघितलंच नव्हतं. तसं त्यांना सांगितलं. ते म्हणाले, असू दे. पण शालूनं माझ्याकडे असं बघितलं की मी उलटी फिरले. जवानानं हसून पुन्हा आत सोडलं. ते लहानसं विमान शोधून काढलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या विमानाकडे नीट बघितलं. पदर खोचून खाली वाकून बघितलं. तीन चाकं होती, तिन्हीवर उभं होतं. टायरला बोट लावून दाबलं. हवा होती. ठोकळा कुठंही नव्हता.

धावत आले तोवर बाक रिकामा झाला होता. ड्रायव्हर हॉर्न मारत होता, सगळे बसमध्ये चढले होते. भाऊजी मागच्या बाजूला, खिडकी शालूला देऊन आतल्या सीटवर बसलेले. मला धाप लागली होती, मी दारातूनच सांगायला लागले, "भाऊजी, चाकांवर उभं आहे ते. मी हात लावून बघितलं, नॅट..."

ते अर्धे उठले. आधी त्यांनी ड्रायव्हरकडे बघितलं. तो आरशातून आमच्याकडेच बघत होता, माणसं मोजत असावा. भाऊजींनी तळहात खाली दाबून मला गप्प केलं.

"हळू बोला, वहिनी," म्हणाले. "कुणी ऐकेल."

पुढं दोन-तीन वर्षांनी त्यांनी वेळेआधीच नोकरी सोडली आणि दोघं गावी गेली. तिथंच ते गेले, शालूच्या पत्रातून कळलं. गावी निघाले त्या दिवशी मी माहेरी होते, म्हणून निरोपाचं काही मला आठवत नाही. माझ्या डोळ्यांपुढं आहे ती ती बस. मी सीटच्या दांड्यांना धरत धरत मागं गेले, त्यांच्या कानाशी वाकले आणि जेवढं हळू बोलता येईल तेवढं हळू सांगितलं, की तिन्ही चाकांवर उभं आहे, टायरात हवा आहे. त्यांनी मान हलवली. बस सुटली, फाटकाजवळून वळली, खिडकीच्या बाजूची सगळी माणसं ते जुनं विमान बघायला वाकली. भाऊजी पायाखालच्या पत्र्याकडे बघत होते.